आम्हाला नशीबवान म्हणू नका

मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला पावसाळाभर एक वाक्य ऐकावं लागतं. माळशेजला निघालेली गाडी चहासाठी थांबते, पाहुणा डोंगराकडे बघतो आणि मनापासून म्हणतो, "नशीबवान आहात तुम्ही लोक." म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. तरीही त्याचा प्रतिवाद करायची वेळ आली आहे, कारण ते आता चहाच्या टपरीवरचं कौतुक उरलेलं नाही. महामार्गालगतच्या फलकांवर, फार्महाऊसच्या जाहिरातींत, रविवारच्या पुरवण्यांत त्याचा रीतसर युक्तिवाद झाला आहे. शहर जगण्यालायक राहिलं नाही, डोंगरात हवा, पाणी आणि शांतता आहे, तिथली माणसं थोडक्यात सुखी असतात, ज्याला परवडेल त्याने तिथे घर बांधावं, आणि त्या घरामुळे गावाचंही भलंच होतं, असा तो युक्तिवाद. शहराबद्दलच्या म्हणण्याशी माझं भांडण नाही. कल्याणहून रोज लोकलला लोंबकळत जाणाऱ्या माणसाला मोकळ्या हवेची ओढ वाटणारच. बाकीचं म्हणणं चुकीचं आहे आणि त्या चुकीची किंमत आम्ही मोजतो आहोत.

डोंगर सुंदर आहे, हे आधीच सांगतो. वैशाखऱ्याहून वर पाहिलं की नानाचा अंगठा आणि त्याच्या शेजारी जीवधन दिसतो. मोरोशीच्या डोक्यावर भैरवगडाची कातळभिंत उभी आहे. देहरीकडे गोरख आणि मच्छिंद्र, आणि त्यांच्या पलीकडे सिद्धगड. आम्हाला यातल्या कशाचाही कंटाळा येत नाही. आषाढात ढग खाली उतरून मधूनच एखादा कडा उघडा पडला, तर लावणीला वाकलेली बाईसुद्धा कंबर सरळ करून वर बघते. 'यांना त्या सौंदर्याचं काय!' असं बोलणाऱ्यांनी कधी एखाद्या ठाकरवाडीत तासभर बसून ऐकावं. तिथे प्रत्येक खिंडीला, धबधब्याला, कातळाला नाव आहे आणि नावामागे हकिकत आहे.

पण पाहुण्याला जे दिसतं ते निसर्गाने जसंच्या तसं बहाल केलेलं नाही. ते माणसांनी केलेलं आहे. जुलैत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जी हिरवाई पायरीपायरीने डोंगराला जाऊन भिडते, ती भातखाचरांची आहे. उतारावरचे दगड वेचून, बांध घालून, माती अडवून कुठल्या पणज्याने ती खाचरं सपाट केली हे आता कुणाला सांगता येत नाही. त्या हिरवाईची तयारी उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होते. झाडांच्या टहाळ्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर रचून राब भाजतात. त्या राखेत पावसाच्या तोंडावर भात पेरतात. रोप हाताशी आलं की आवण खणायचं, मुठी बांधायच्या, चिखलणी करायची आणि दिवस दिवस पाण्यात वाकून लावणी करायची. बांधाची डागडुजी एक पावसाळा चुकली तर बांध फुटतो. चार पावसाळे चुकली तर खाचराची माती ओढ्याने निघून जाते आणि तिथे घाणेरी माजते. वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरी, गुरांनी राखलेली गवताळ माळरानं, गावाने कुऱ्हाड लावू दिली नाही म्हणून उरलेली देवराई, हे सगळंही तसंच माणसांच्या हातचं.

तेव्हा ज्या दृश्यासाठी माणूस इथे गुंठे विकत घेतो ते दृश्य कसणाऱ्याच्या श्रमातून तयार झालेलं असतं, आणि गुंठे घेताना तो नेमका त्या कसणाऱ्यालाच तिथून उठवतो. ही गोष्ट डोंगरात राहण्याचं आकर्षण वर्णन करणाऱ्या एकाही लेखात मला वाचायला मिळत नाही. डोंगर, धुकं आणि पाऊस एवढंच त्यांत येतं. माणूस आलाच तर पाठमोरा, डोक्यावर मोळी घेतलेला.

विसाव्यासाठी डोंगर, ही सवय आपल्याला साहेबाने लावली. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढला आणि पुढच्या काही वर्षांत तिथे बंगले उभे राहिले. त्याआधी लोक डोंगराकडे कसे बघत होते, याची साक्ष नाणेघाट देतो. कातळ फोडून केलेल्या त्या वाटेने कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरातला माल जुन्नरला चढत होता. वरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हा डोंगर राबता होता.

आणि साहेबाच्या त्याच माथेरानात १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्माला आले. आमच्या भागात त्यांना भाई कोतवाल म्हणतात. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. थंड हवेच्या गावात वाढलेल्या या माणसाला डोंगरपायथ्याशी काय दिसलं, तर सावकाराच्या घरात जाणारं शेतकऱ्याचं भात. म्हणून त्यांनी धान्यकोठीची चळवळ उभी केली. १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता घेऊन त्यांनी विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटलांसह ते आमच्या मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दर २ जानेवारीला लोक तिथे जमतात. डोंगराकडे बघायच्या मॅलेटच्या आणि कोतवालांच्या रीतींपैकी मी कोतवालांची मानतो. डोंगरात राहणाऱ्याच्या कणगीत काय आहे, हे आधी बघायचं. हवा कशी आहे ते नंतर.

आता पाणी. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत पाणीच असतं आणि चित्र धबधब्याचं असतं. सह्याद्रीच्या या पायथ्याला वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, कड्याजवळ त्याहून जास्त. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली काळा कातळ, वर हातभर माती आणि उतार असा की पाण्याला मुरायला उसंत नाही. धबधबा हा पाणी निघून जात असल्याचा पुरावा आहे, हे आमच्याकडचं लहान पोरही सांगेल. फेब्रुवारीत ओढे आटतात, मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो आणि एप्रिल-मेमध्ये डोंगराकडेच्या पाड्यांवर टँकरची वाट बघायची वेळ येते. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि गढूळ पाणी निवळायच्या आत बायका हंडे सोडतात. ज्या पाड्यावर टँकर चढू शकत नाही तिथे बायका डवऱ्याच्या काठी रात्री बसून वाटीवाटीने हंडा भरतात.

शेजारच्या शहापूर तालुक्याची गोष्ट तर याहून जुनी आहे. तिथला तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आहे. नंतर भातसा झालं, आणि आज मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. जलवाहिन्या ज्या तालुक्यातून निघतात त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरच्या यादीत असतात. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण शहापूरकर इतक्यांदा बोलले आहेत की आता ती ऐकून कुणाला काही वाटेनासं झालं आहे. शहापूरची तहान भागवायला इगतपुरीतल्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आखावी लागली, यावरून काय ते समजावं.

मुरबाडमध्येही तेच. बारवी धरण औद्योगिक महामंडळाचं, त्याचं पाणी कारखान्यांना आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातल्या शहरांना. उंची वाढवली तेव्हा बुडालेल्यांना नोकरीच्या मागणीसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. मग काळू नदीची पाळी आली. माळशेजच्या कड्यावरून उतरणाऱ्या या नदीवर, महानगराच्या तहानेसाठी, २०११ साली धरणाचं काम सुरू झालं. हजारेक हेक्टर वनजमीन त्यात जाणार होती आणि वनखात्याची मंजुरी हातात नव्हती. श्रमिक मुक्ती संघटना आणि गावकरी उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये काम थांबलं. त्या प्रकल्पाचा विषय अजूनही मधूनमधून डोकं वर काढतो. काळूच्या खोऱ्याच्या सौंदर्यावर भाळून येणारे आणि ते खोरं बुडवून पाणी न्यावं असं ज्यांच्यासाठी ठरतं ते, एकाच शहरात राहतात. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या नळाचं पाणी कुठून येतं याची चौकशी शहरातला माणूस सहसा करत नाही. पण शनिवार-रविवारी इथे येऊन "काय पाणी आहे तुमच्याकडे" असं म्हणण्याआधी तरी ती करायला हवी.

आणि मग येते बंगल्याची बोअर. कातळातल्या ज्या भेगेतून गावच्या विहिरीला झरा येतो त्याच भेगेत शेजारच्या प्लॉटची बोअर उतरते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला भूजल कायद्याने मज्जाव केला आहे. हा कायदा किती प्लॉटधारकांना माहीत आहे? किती दलालांनी तो त्यांना सांगितला? मे महिन्यात कुंपणाच्या आत हिरवळीवर फवारा चालू असतो आणि कुंपणाबाहेरून हंडे जात असतात. हे दृश्य कुणी जाहिरातीत छापत नाही.

निवांतपणाचंही तसंच. पाऊस धो धो पडत असताना गॅलरीत बसणं वेगळं आणि उताराच्या खाली कुडाच्या घरात झोपणं वेगळं. माळीण आमच्या सह्याद्रीच्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथे दीडशेहून अधिक माणसं दरडीखाली गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडातली इरसालवाडी गेली. तेव्हापासून आषाढ-श्रावणात संततधार लागली की कड्याखालच्या वाड्यांमध्ये म्हातारी माणसं अंथरुणात उठून बसतात, कान देऊन ऐकत राहतात. टोकावड्याला महामार्ग आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, पोलीस ठाणं आहे. त्या मानाने आम्ही सुस्थितीतले. पण आतल्या पाड्यावरची अडलेली बाई आधी झोळीतून रस्त्यापर्यंत येते, मग गाडी मिळते, मग केस अवघड असेल तर पुढे उल्हासनगर नाही तर ठाणं. इथून कल्याणच पन्नासेक किलोमीटर. शनिवारी संध्याकाळी माळशेजच्या गाड्यांची रांग लागलेली असली की ते अंतर आणखी वाढतं.

कातकरी वाड्यांबद्दल तर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. पाहुण्याला आवडणारे ऋतू दोन: पावसाळा आणि थंडी. पावसाळ्यात तो येतो तेव्हा इथली माणसं गुडघाभर चिखलात असतात. थंडीत, आकाश स्वच्छ झाल्यावर, तो शेकोटी पेटवायला येतो तेव्हा कातकरी वाडी रिकामी झालेली असते. दिवाळी उलटली की वीटभट्टीचे मालक नाही तर मुकादम येतात, उचल देतात आणि कुटुंबंच्या कुटुंबं टेम्पोत बसून भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते. घेतलेला बयाणा फिटेपर्यंत माणूस मोकळा होत नाही, आणि पावसाच्या तोंडावर घरी येताना हातात बहुधा थोडकेच पैसे असतात. महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित आदिवासी जमातींमध्ये ज्यांची नोंद आहे ती ही माणसं. ज्या गावात राहणं म्हणजे नशीब असं तुम्ही म्हणता, त्या गावातल्या सर्वांत जुन्या रहिवाशांना वर्षातले सहा-सात महिने तिथे राहता येत नाही. "शांतता किती आहे इथे" असं म्हणताना जी शांतता ऐकू येते तिच्यात या रिकाम्या घरांची शांतताही आहे.

आमच्या येण्याने रोजगार मिळतो, हे म्हणणं नेहमी पुढे केलं जातं. त्यातलं खरं ते मान्य करतो. माळशेजच्या रस्त्यावर कणसं, भजी, रानभाज्या विकणाऱ्या बायकांची कमाई खरी आहे. कुणी आपल्याच घरात पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करत असेल तर तीही खरी कमाई आहे, आणि ती वाढावी. गर्दीत अपघात झाले की जिल्हा प्रशासन धबधब्यांवर पावसाळी बंदी घालतं, तेव्हा आधी बुडते ती ही कमाई, हेही नोंदवून ठेवतो. पण दुसऱ्या घराचा रोजगार हा नाही. त्या घराला एक रखवालदार लागतो, आठवड्यातून दोन दिवस एक स्वयंपाकीण लागते आणि कधीतरी माळी. ज्या जमिनीवर ते घर उभं आहे ती चार भावांच्या चुली पेटवत होती, भाताबरोबर पेंढा देत होती, वालाचं आणि हरभऱ्याचं दुसरं पीक देत होती, बांधावर तूर देत होती. हिशेब मांडायचाच तर हे सगळं मांडा आणि मग भलं झालं की नाही ते ठरवा.

लोक आपणहून विकतात, असंही उत्तर येतं. विकतात. कधी? घरात आजारपण निघालं, मुलीचं लग्न ठरलं, परतीच्या पावसात कापलेलं भात खाचरातच भिजून मोड आले, की विकतात. दलाल एकराच्या भावाने घेतो आणि गुंठ्याच्या भावाने विकतो. मधला फरक गावात राहत नाही. मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो, आणि त्या बाजूच्या जमिनीकडे आता सगळ्यांचे डोळे लागले आहेत. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी असं १९४८ चा कूळकायदा म्हणतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीवाचून जाऊ नये असं जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ म्हणतं. कायदे आहेत, पण साठेखत, कुलमुखत्यारपत्र, दुसऱ्याच्या नावाने व्यवहार अशा आडवाटाही आहेत, आणि बिनशेतीची वाट तर सरकारनेच गेल्या काही वर्षांत सोपी करत आणली आहे. नड असलेल्या माणसाने केलेल्या सहीला राजीखुशी म्हणणं मला पटत नाही.

विक्री झाली की पहिल्यांदा काय होतं, तर तारेचं कुंपण पडतं. त्या कुंपणाबरोबर गुरांची वाट बंद होते, राबाच्या टहाळ्या आणायची, फाट्या गोळा करायची, पहिल्या पावसात शेवळं खुडायची, ओढ्यात मुठे धरायची वाट बंद होते. या वाटा सातबाऱ्यावर नसतात. त्या वहिवाटीने चालतात, आणि वहिवाट ओळखणारी माणसं एकेक करून उठली की त्या कागदावर आणायलाही साक्षीदार उरत नाही.

मग बाहेरच्या कुणी इथे राहायला यायचंच नाही का, असं मला विचारलं जातं. यावं की. शिक्षक म्हणून, डॉक्टर म्हणून, परिचारिका म्हणून या. या जागा भरायच्या असतात, आणि आलेला माणूस मुक्कामाला राहत नाही ही आमची जुनी तक्रार आहे. शेती करायला या आणि स्वतः करा. गावात घर भाड्याने घ्या. त्यात उन्हाळा काढा. मे महिना इथे काढल्यावरही तुम्हाला हे गाव आवडलं तर तुम्ही आमचेच. माझा विरोध आहे तो वर्षाचे तीनशे दिवस कुलूप लावलेल्या घराला, आणि त्या कुलुपाला डोंगरावरचं प्रेम म्हणण्याला.

इथल्या पोरांना या डोंगराची ओढ नाही असं समजू नका. कल्याण-भिवंडीच्या गोदामांत, मुरबाडच्या कारखान्यांत कामाला लागलेली पोरं लावणीला रजा टाकून येतात. गौरी-गणपतीला येतात, शिमग्याला येतात, पौषात म्हशाच्या जत्रेला बैल बघायला येतात. त्यांना परत राहायला यायचं आहे. त्यांना हवी आहे रात्रीची शेवटची एसटी, दहावीच्या पुढचं शिक्षण, विहिरीला मेपर्यंत पाणी आणि भाताला खर्च भागेल असा भाव. डोंगरात राहण्याचं आकर्षण वाढवायचं असेल तर इथून सुरुवात करा. पाहणारे आपोआप येतील, कारण पाहण्यासारखं राखणारी माणसं जागेवर असतील.

पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. घाटात नवी थंड हवेची ठिकाणं वसवू नका, आणि कुठे काय राखायचं, काय बांधायचं हा विचार ग्रामसभेपासून सुरू करा. पहिली गोष्ट सरळसरळ मोडली जाते आहे: गिरिस्थान असं नाव न देता, प्लॉट पाडून. दुसरी मात्र आमच्या हातात आहे. अख्खा शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातली ७७ गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ पासून आहेत. म्हणून माझं सांगणं पाहुण्यांइतकंच माझ्या गावकऱ्यांनाही आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तलाठ्याला बोलवा. वर्षभरात गावच्या जमिनीचे जे फेरफार झाले, ज्या बिनशेती नोंदी झाल्या, ज्या नव्या बोअर खोदल्या गेल्या, त्यांची यादी मोठ्याने वाचायला लावा. कुठल्या कुंपणाने कुठली वहिवाट अडली ते गट क्रमांकासह ठरावात लिहून घ्या. भट्टीवर गेलेल्या कुटुंबांच्या गैरहजेरीत त्यांच्या वाडीलगतच्या जमिनीचा कुठलाही विषय मंजूर करू नका. तो त्यांच्या परतण्यापर्यंत, जूनपर्यंत, थांबवून ठेवा.